बोंडअळीला ‘सवय’ झालेली नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गुलाबी बोंडअळीच्या बातम्यांत ‘अळीला बीटीची सवय झाली’ हे वाक्य वर्षानुवर्षे छापून येते. (बीटी कपाशी म्हणजे जिवाणूचे जनुक घातलेली, अळीला मारणारे विषारी प्रथिन स्वतःच तयार करणारी कपाशी.) ते चुकीचे आहे आणि त्यातून शेतातले निर्णयही चुकतात, म्हणून हे पत्र.

कुठलीच अळी आपल्या आयुष्यात बीटीचे विष पचवायला शिकत नाही. साधी अळी बीटीचे बोंड खाते आणि मरते. पण २००२ साली बीटी कपाशी आली, त्याआधीपासूनच लाखो अळ्यांत एखादी अशी होती, की जनुकातल्या बदलामुळे ते प्रथिन तिच्या आतड्याला चिकटत नव्हते. हा बदल विषाने घडवला नाही. विषाने बाकीच्या मारल्या आणि हिच्या प्रजेला रान मोकळे करून दिले. नैसर्गिक निवड ती हीच. महिना-सव्वा महिन्यात एक पिढी होते, त्यामुळे ती काही वर्षांतच नजरेला येते.

समजा, त्या जनुकाच्या हजार प्रतींत एक प्रत प्रतिकारक आहे. अळी तगायला आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती तशा लागतात, म्हणजे दहा लाखांत एकच अळी वाचणार. एकच प्रत असलेल्या अळ्या हजारात दोनेक असतात, पण त्या बीटीवर मरतात. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटीचे १२० ग्रॅम शेताच्या कडेला लावायला मिळत, ते यासाठी. कडेच्या त्या ओळींत साधे पतंग तयार व्हावेत, वाचलेल्या पतंगाची गाठ त्यांच्याशी पडावी आणि पिल्लांना एकच प्रत मिळून ती बीटीवर मरावीत. हे बियाणे बहुतेकांनी बांधावर टाकून दिले. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. अळी मुद्दाम पोसायची कशासाठी, हे त्याला कोणी समजावलेच नाही. काहींनी त्याऐवजी तूर लावली. ती हिरव्या बोंडअळीला चालते, गुलाबी बोंडअळी तुरीवर जगत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. कपाशी संकरित असल्याने झाड बीटी असले, तरी बोंडातली प्रत्येक सरकी सारखी नसते. बीटीची दोन जनुके, म्हणजे दोन वेगळी विषे असलेल्या वाणात १६ सरक्यांपैकी सुमारे ९ मध्ये दोन्ही विषे, ६ मध्ये एकच आणि एकीत एकही नाही. गुलाबी अळी सरकीच खाते. तिला कधी पूर्ण, कधी अपुरी मात्रा मिळते आणि एक प्रत असलेल्या अळ्याही तगतात. एका जनुकाच्या वाणावरचा प्रतिकार २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर झाला. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात दोन जनुकांच्या वाणांची बोंडे किडली.

आता पाकिटातच २५ ग्रॅम बिगर-बीटी मिसळलेले असते. ही अळी झाड बदलत नाही, त्यामुळे मिसळण्याला हरकत नाही. पण प्रतिकारक अळ्या एवढ्या वाढल्यावर तेवढ्यावर भागणार नाही. पिढ्याच तोडायला हव्यात. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावा. सलग ३ रात्री सापळ्यागणिक ८ पतंग आले, की फवारणीची वेळ झाली. डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या जाळ्याने शिवल्यागत मिटलेली फुले, अळीसकट तोडून नष्ट करा. हिरवे बोंड वरून धडधाकट दिसते, कारण अळी शिरल्यावर छिद्र बुजते. म्हणून २० बोंडे फोडून पाहा. दोनात अळी निघाली तरी फवारणी करा. दर वेळी एकाच गटातले कीटकनाशक मात्र नको, नाहीतर तिथेही हीच निवड सुरू होते.

फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उभी ठेवून पुन्हा घेतलेले कपाशीचे पीक, अजिबात ठेवू नका. डिसेंबरअखेर कपाशी उपटा, पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळक्या झाडांची) गंजी बांधावर रचू नका. दोन सरक्या जोडून अळी त्यांत महिनोन्‌महिने झोपून राहते आणि पहिल्या पावसाच्या सुमारास पतंग होऊन बाहेर पडते. तेव्हा शेतात पात्या (कपाशीच्या कळ्या) नसल्या, तर तिची पिल्ले उपाशी मरतात. मे महिन्यात धूळपेरणी (पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी) केलेल्या कपाशीवर मात्र तिला पात्या आयत्या मिळतात.

आपला,
कृषी कीटकशास्त्राचा एक अभ्यासक, यवतमाळ