मामा, बॅटरी विझवायला लावलीत म्हणून

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

मे सरता सरता, रोहिणी लागल्यावर, भंडारदऱ्याच्या पाण्याच्या कडेनं रतनवाडीकडे जाणाऱ्या वाटेवर एक जण काजव्यांचे फोटो काढायला ट्रायपॉड खांद्यावर टाकून अंधारात ठेचकाळत होता. तुम्ही मागून ओरडलात, "आधी ती बॅटरी इझव!" मी घाबरून कॅमेराच बंद केला. तुम्ही टॉर्चबद्दल बोलताय हे कळायला मला मिनिटभर लागलं.

टॉर्च विझल्यावर दहा-पंधरा मिनिटं काहीच दिसेना. मग समोरचा सादडा पेटला. अख्खं झाड एकदम लखलखलं, एकदम काळं झालं, पुन्हा लखलखलं. नर काजवे लुकलुकतात ते मादीला खुणावायला, हे मी वाचलं होतं. पण उजेड पडला की तो संवादच तुटतो, आणि मादी बहुधा खाली गवतात असते म्हणून पाय पायवाटेवरच ठेवायचा, हे तुम्ही हाताला धरून शिकवलंत. तेवढ्यात एक गाडी हेडलाइट टाकत आली आणि ते झाड बराच वेळ गप्प राहिलं, तेव्हा मी तुमच्याइतकाच चिडलो होतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "झाड उजेडात बघून ठेव." माझ्या सगळ्या तंत्राचं मूळ त्या एका वाक्यात निघालं. संध्याकाळी निळसर उजेड असतानाच ट्रायपॉड रोवला, फोकस झाडावर धरून लेन्सच्या कड्याला चिकटपट्टी लावली आणि एक फोटो घेऊन ठेवला. काळोख पडल्यावर कॅमेरा तसूभरही न हलवता लेन्सचं तोंड मोठं उघडून (एफ २.८), उजेड टिपायची ताकद वाढवून (आयएसओ १६००) प्रत्येकी ३० सेकंद उजेड घेणारे ८० फोटो. वळीव येऊन गेला होता, वारा पडलेला, फांदी हलत नव्हती. फक्त लेन्सवर सारखं बाष्प धरत होतं, ते पुसायला तुम्ही उपरणं दिलंत. (लेन्स कापडानं पुसू नये म्हणतात. पुसली.)

घरी येऊन ते ८० फोटो एकावर एक चढवले आणि मोठ्या ऐटीत तुम्हाला पाठवले. तुमचा फोन आला, "हे काय, लग्नाच्या मांडवाची लायटिंग?"

राग आला, खोटं कशाला बोलू. पण झाडभर दिवे होते खरे, आणि मधला काळोख कुठेच नव्हता. आपण दोघं तर निम्मा वेळ त्या काळोखाकडेच बघत बसलो होतो. मग एकेक थर काढत गेलो. शेवटी संध्याकाळचा तो एक आणि रात्रीचे सहाच ठेवले. आता झाडाची उजवी बाजू जवळजवळ काळी आहे. बघणारे विचारतात, इकडचे काजवे कुठे गेले? मी म्हणतो, विझलेत, थांबा जरा.

पत्र सगळ्यांना वाचायला ठेवतोय ते एवढ्यासाठी की पुढच्या वर्षी येणाऱ्यांनी तुम्ही ओरडायच्या आधीच टॉर्च विझवावी. अवसेच्या मागेपुढे यायचं, आणि मृगाचा पाऊस जोरात लागला की काजवे ओसरतात, हेही तुमचंच.

फोटो मोठा करून पाठवतोय. ओल न येणाऱ्या भिंतीवर लावा. मामींना नमस्कार सांगा. त्यांची चहाची किटली चुकून माझ्या बॅगेत आली आहे, येत्या रोहिणीत घेऊन येतो. तुमचं उपरणंही.

आपला,
बॅटरीवाला