आजीच्या लुगड्याला कात्री

स्टुटगार्ट, रविवार

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आजीच्या लुगड्याला कात्री लावली म्हटल्यावर तू फोनच ठेवलास. म्हणून हा कागद. आता मधेच तोडता यायचं नाही.

आमचं घर चढावर. या शहरात पायऱ्यांच्या वाटाच चारशेच्या वर आहेत आणि ट्रामच्या थांब्याकडे उतरायला आमच्या दारातून त्यातलीच एक. बाबागाडी उतरवायला दोघं लागतात. तू एकदा चार जिने बाबागाडी चढवून बघ! दुकानात चिऊला अंगाशी बांधायला पट्ट्याची, बकलाची तयार पिशवी मिळते. जावईबापूंनी किंमत वाचली आणि न बोलता बाहेर आले.

मग बॅगेतलं लुगडं आठवलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, मला साडेचार पुरतात. अख्खं गुंडाळलं असतं तर चिऊ सापडली नसती. कापण्याआधी खिडकीशी उजेडात धरून वीत-वीत बघितलं. निऱ्यांकडचं विरलंय, पदराकडचं अजून घट्ट. तेच घेतलं. गेली तीस वर्षं धुतल्यामुळं रंग जायची भीती नाही. ते बरंच, कारण ही बया सारखी काठ चोखते.

कापडाचा मध्य छातीवर धरायचा, टोकं पाठीवर फुली करून खांद्यांवरून पुढं आणायची, बाळ आत बसवायचं, मग टोकं तिच्या ढुंगणाखाली ओलांडून मागं गाठ. आधी पलंगापाशी उभी राहून पाच किलो तांदळाच्या पिशवीवर सराव केला. पिशवी पडली नाही, तेव्हा मी शहाणी झाले.

आणि पहिल्याच दिवशी अर्ध्या पायऱ्यांवर कापड सैल पडलं. चिऊ घसरत माझ्या पोटाशी आली, हनुवटी छातीला टेकलेली. पायरीवर बसले आणि सगळं सोडलं. हात थरथरत होते. चूक माझीच: नऊवारी नेसताना तू एकेक निरी ओढून बसवतेस ना, तसं कापड काठापासून काठापर्यंत ओढून घ्यायला हवं होतं. मी नुसती गाठ आवळली होती. घरी येणाऱ्या सुईणबाईंनी हे सगळं बजावलं होतं: तोंड दिसलं पाहिजे, मान वाकवली की टाळूचा पापा घेता आला पाहिजे, हनुवटीखाली दोन बोटं जागा, गुडघे ढुंगणापेक्षा वर, बेडकासारखे. तेव्हा मी जर्मनमध्ये मान हलवली होती.

आता नीट जमतं. कालच तिघं बाजारात जाऊन आलो. जरीचा काठ गालाला टोचतो, तेवढा आत मुडपते. ट्राममधल्या एका म्हाताऱ्या बाईनं काठाला हात लावून विचारलं, कुठलं? म्हटलं, साताऱ्याचं, माझ्या आजीचं. तिनं चिऊच्या पायाला हात लावला आणि पुढच्या थांब्यावर उतरली.

आई, तूच सांगतेस ना, आजीनं मला पदरात बांधून अजिंक्यताऱ्यावर मंगळाईला नेलं होतं? हे तेच लुगडं आहे. काठ बघून तू स्वतःच फोनवर ओळखलंस, म्हणून तर एवढी चिडलीस.

निऱ्यांकडच्या तुकड्याची दुपटी शिवतेय. बाबा येताना कंदी पेढे आणतीलच. त्यांच्याबरोबर ते हिरवं लुगडं पण पाठव. खळ घालू नकोस.

तुझी,
ताई