स्मशानात झाडं लावायची म्हणता ते...

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईकडून कळलं की स्मशानभूमीत झाडं लावायचा तुमचा विषय ग्रामसभेत हसण्यावारी गेला. ‘तिथे सावलीला कोण बसणार?’ असं विचारलं म्हणे. मला फार वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

इथे अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये माउंट ऑबर्न ही दफनभूमी आहे, १८३१ सालची. त्याआधी बॉस्टनमध्ये भर वस्तीत, चर्चच्या आवारात पुरत. जागा पुरेना, रोगराईची धास्ती वाटू लागली. जेकब बिगेलो हे डॉक्टर वनस्पतींचे मोठे जाणकार. गावाबाहेर झाडीत दफन करावं, ही कल्पना त्यांची. आणि काम उभं केलं ते बागायतदारांच्या मंडळाने! आधी ७२ एकर जागा होती, पुढे वाढत गेली. टेकड्यांच्या वळणाने रस्ते काढले आणि त्यांना झाडाझुडपांची नावं दिली. त्या काळी अमेरिकेतल्या शहरांत मोठी सार्वजनिक उद्यानं जवळजवळ नव्हतीच. लोक इथेच फिरायला येऊ लागले. ती गर्दी पाहून शहरात बागा हव्यात या मागणीला जोर आला, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क त्यानंतरचं. सावलीला कोण बसणार, याचं उत्तर हेच आहे, बाबा.

मे महिन्यात पक्षी बघणारे पहाटेपासून दुर्बिणी घेऊन येतात. झाडांच्या बुंध्यांवर नावाच्या पट्ट्या आहेत, तुम्ही असता तर एकेक वाचत दिवस घालवला असता. गुलामगिरीतून सुटून स्वतःची कहाणी लिहिणाऱ्या हॅरिएट जेकब्स इथेच आहेत, आणि कवी लाँगफेलोही. मी मात्र सगळ्यात जास्त वेळ थांबले एका लहान मुलाच्या थडग्यापाशी. वर दगडी कोकरू झोपलंय. पावसाने त्याचे कान झिजलेत, नाव तर वाचताच येत नाही. पण शेजारचं झाड कुणीतरी अजून निगुतीने राखतंय.

आपल्याकडे थडगं नसतं, अस्थी नदीत जातात. तरी आजीच्या नावाने एक झाड असावं, असं मला मनापासून वाटतं. काही गावांत रक्षा खड्ड्यात घालून वर रोप लावतातच की! पुढच्या ग्रामसभेत हे नक्की सांगा.

वड, कडुलिंब, करंज लावा. शेळ्यांपासून जपायला काटेरी कुंपण आधी करा. पहिले दोन उन्हाळे टँकरच्या पाण्याचा खर्च माझ्याकडे. आकडा आईजवळ सांगून ठेवा, रविवारी फोन करते.

तुमची,
सुमा