फॅमिली पॅकेज म्हणता, मग सोळा वर्षांच्या मुलाने रात्री कुठे बसायचं?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परत सुट्टीच्या पॅकेजच्या जाहिराती सुरू झाल्यात. गोवा, सिंगापूर, मलेशिया, आणि त्यातल्या तीन-चार तरी अशा की हॉटेलातच कॅसिनो, हॉटेलातच पूल, सकाळ-संध्याकाळ बुफे आणि वर मोठ्ठ्या अक्षरात फॅमिली पॅकेज. त्या वाचून हे पत्र लिहायला बसले, कारण गेल्या दिवाळीत अशाच जाहिरातीवरून आम्ही गोव्याला गेलो होतो आणि तिथे जे झालं ते मी अजून विसरले नाहीये, आणि मे महिन्यात बडोद्यातून कितीतरी घरं हेच बुकिंग करणार आहेत.

आम्ही पाच जण होतो. मी, आमचे हे, भाऊजी, जाऊबाई आणि आमचा मुलगा, सोळा वर्षांचा, अकरावीत. भाऊजींची मुलगी पुण्याला शिकते, ती आली नव्हती. एजंट आपल्याच भागातला, ओळखीचा, त्याने रेट इतका कमी सांगितला की मलाच शंका आली, मी विचारलं की कॅसिनोवाल्या हॉटेलात मुलाचं काय, तर म्हणाला बेन, टेन्शन नहीं लेवानु, बधुं इन्क्लुडेड छे, म्हणजे सगळं त्यातच आलं. मी पण पुढे काही विचारलं नाही. आता कळतंय की रूम स्वस्त का असते. तिथे हॉटेलवाल्याची कमाई रूमवर नसतेच, ती खाली जुगाराच्या मशीनवर असते, रूम फक्त माणसाला दारापर्यंत आणायला असते.

बुकिंगमध्ये आमच्या मुलाचे पैसे पूर्ण मोठ्या माणसाचे लावले होते, कारण बहुतेक हॉटेलांत बारा वर्षांच्या वर अ‍ॅडल्ट धरतात, बुफेला पण फुल रेट. आणि पहिल्या संध्याकाळी सगळे तयार होऊन खाली गेलो तर दारावरच्या माणसाने त्याला थांबवलं, आधार कार्ड बघितलं आणि म्हणाला एकवीसच्या खाली एन्ट्री नाही. गोव्यात तो नियमच आहे, त्या माणसाची काही चूक नाही, उलट त्याने आपलं काम नीट केलं. पण पोरगा चारचौघांत असा थांबवला गेला, त्याचा चेहरा मी बघितला. जेवणाच्या बिलात तो मोठा आणि दारावर लहान, आणि हे दोन्ही आम्हाला घरून निघताना कुणी एका वाक्यात सांगू शकलं असतं.

आता पुढचं लिहिताना मला जड जातंय पण लिहिते. चार जणांची एन्ट्री पॅकेजमध्ये आधीच भरलेली, पैसे परत मिळणार नव्हते, भाऊजी म्हणाले दोन तास जाऊन येऊ, तो काय लहान आहे का, आणि मुलगा पण म्हणाला आई तू जा, मी रूममध्ये बसतो. आम्ही साडेआठला आत गेलो आणि बाहेर आलो तेव्हा पाऊण वाजला होता. आत खिडकी नाही, घड्याळ नाही, वेळ गेलेला कळतच नाही. फोन पर्समध्ये सायलेंटवर. बाहेर येऊन बघते तर अकरा मिस्ड कॉल. साडेनऊला तो पाण्याची बाटली आणायला रूमबाहेर आला, कार्ड आत लाइटच्या खोबणीतच राहिलं, दार मागे लागलं. रिसेप्शनवर गेला तर ते म्हणाले रूम तुझ्या वडिलांच्या नावावर आहे, डुप्लिकेट कार्ड तुला देता येणार नाही. हा नियम पण बरोबरच आहे हो, कुणीही येऊन कार्ड मागेल. आत येऊन आम्हाला शोधायची त्याला परवानगी नाही, निरोप द्या म्हणाला तर करतो म्हणाले आणि तो निरोप आमच्यापर्यंत आलाच नाही. तीन तास पोरगा लॉबीतल्या सोफ्यावर बसून होता, हाफ पँट आणि स्लिपरमध्ये, आजूबाजूने रात्रीचे लोक येताहेत जाताहेत, कुणी पिऊन आलेलं. मी धावत गेले तर रडला नाही, नुसता म्हणाला, आई भूक लागलीये.

म्हणून यंदा जाऊबाईंच्या लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत आणि त्यांच्या मनात सिंगापूर-मलेशिया आहे, तेव्हा हॉटेल मी निवडणार असं सांगितलं. महिनाभर फोन केले, ज्या ओळखीच्यांची पोरं पंधरा ते अठरातली आहेत आणि जे जाऊन आलेत त्यांना विचारलं. माझ्या हे लक्षात आलं की स्टार किती, पूल किती मोठा, ब्रेकफास्टला काय, हे सगळं मागचं, आधी एकच बघायचं: रूमपासून लिफ्ट, लिफ्टपासून जेवण, जेवणापासून बाहेरचा रस्ता, हा सगळा मार्ग कॅसिनोच्या आतून किंवा दारासमोरून जातो का वेगळा आहे.

अमेरिकेतल्या लास व्हेगासची मोठी हॉटेलं तर बांधलीच अशी असतात की कुठेही जायचं तरी आधी मशीनच्या रांगांमधून जावं लागतं. माझा भाचा तिकडे असतो, तो सांगतो की एकवीसच्या खालच्या मुलाला तिथून चालत जाता येतं पण थांबता येत नाही, मुलगा टेबलजवळ दोन मिनिटं उभा राहिला की लगेच गार्ड हटकतो. वर रूमच्या भाड्याशिवाय रोजची रिसॉर्ट फी वेगळी, जी 2025 पर्यंत जाहिरातीतल्या रेटमध्ये दिसायची नाही. तिथेच वदारासारखी हॉटेलं आहेत ज्यांत कॅसिनो नाहीच, आणि 2020 मध्ये सुरू झालेलं सर्का असंही आहे की जिथे एकवीसच्या खालच्याला उतरताच येत नाही. म्हणजे हे लोक नाव देऊन स्पष्ट सांगतात, कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही. एवढं तरी आपल्याकडच्या जाहिरातीत का नसावं.

सिंगापूरचं मला सगळ्यात पटलं. 2006 साली त्यांनी कायदा केला आणि 2010 मध्ये दोन ठिकाणी कॅसिनो सुरू झाले, सेंटोसा बेटावरचं रिसॉर्ट्स वर्ल्ड आणि मरीना बे सँड्स. सरकारने आधीच ठरवलं होतं की नुसता कॅसिनो नको, सोबत हॉटेल, म्युझियम, पार्क, दुकानं हवीत. सँड्सला कॅसिनोचं दार हॉटेलच्या टॉवरमध्ये नाहीये, ते मॉलच्या बाजूला वेगळं आहे, त्यामुळे मुलगा रूममधून उतरून जेवायला किंवा पूलवर जाईल तर वाटेत काही लागत नाही. वरच्या सत्तावन्नाव्या मजल्यावरचा तो प्रसिद्ध पूल फक्त तिथे राहणाऱ्यांनाच मिळतो, आणि रेट बघून आमच्या ह्यांनी फोन बाजूला ठेवला ती गोष्ट वेगळी. सेंटोसाला तर युनिव्हर्सल स्टुडिओज शेजारीच, मुलाला दिवसभर आत सोडलं तरी चालेल, तिकीट मात्र तेरापासून मोठ्यांचंच लागतं. आणि एक ऐकून मला फार बरं वाटलं, तिथे पाहुण्याला पासपोर्ट दाखवून फुकट एन्ट्री पण त्यांच्या स्वतःच्या नागरिकाला एका दिवसाचे दीडशे सिंगापूर डॉलर भरावे लागतात, 2019 पासून, आधी शंभर होते. घरातल्या माणसाने अर्ज केला तर नवऱ्याला किंवा मुलाला आत जायला बंदीही घालून घेता येते. आपली माणसं वाचवायची म्हणून हे केलंय ना, मग आपण पाहुणे म्हणून जातो तेव्हा आपल्या माणसांची काळजी आपणच करायला हवी.

मलेशियाचं गेंटिंग हायलँड्स म्हणजे क्वालालंपूरपासून पन्नास-एक किलोमीटर, डोंगरावर, सहा हजार फूट उंच, त्यामुळे स्वेटर न्या, बडोद्याच्या उन्हातून जाणारी माणसं तिथे कुडकुडतात. त्या देशातला कायदेशीर कॅसिनो तेवढा एकच, तिथल्या मुसलमानांना आणि एकवीसच्या खालच्यांना बंदी. वर फर्स्ट वर्ल्ड हॉटेल आहे, 7,351 खोल्या, जगात सगळ्यात जास्त खोल्यांचं म्हणून गिनीजमध्ये नाव. रोपवे आहे, मध्ये उतरून चिन स्वीचं देऊळ बघता येतं, वर मुलांसाठी छताखालचा पार्क आणि 2022 पासून मोकळ्यावरचा मोठा थीम पार्क. मुलाला मजा येईलच. पण सगळं एकमेकांना चिकटून, आणि एवढ्या गर्दीच्या हॉटेलात रात्री आपलं माणूस शोधायचं म्हणजे मला परत तो सोफा आठवतो. म्हणून आम्ही ठरवलंय की मुक्काम खाली क्वालालंपूरमध्येच करायचा, साध्या हॉटेलात, आणि सकाळी वर जाऊन संध्याकाळी खाली यायचं. स्वस्त पण पडतं.

गोव्याला जायचंच असेल तर आधी एक समजून घ्या की तिथे दोन प्रकार आहेत. 1976 च्या त्यांच्या जुगाराच्या कायद्यात 1992 मध्ये बदल करून पंचतारांकित हॉटेलात मशीनला परवानगी दिली, मग 1996 मध्ये बोटींना. त्यामुळे पत्ते वाटणारा माणूस समोर बसलेला असं खरं टेबल फक्त बोटीवर असतं, जमिनीवरच्या हॉटेलात सगळं इलेक्ट्रॉनिक. बोटी पणजीला मांडवीत उभ्या असतात आणि लहान लाँचने जावं लागतं. म्हणजे आईबाप एकदा तिकडे गेले की मुलगा मागे जमिनीवर आणि मध्ये नदी. ज्याला खेळायचंय त्याने बोटीवर जावं, पण राहायचं हॉटेल बिनकॅसिनोचं घ्यावं आणि दोघांपैकी एकाने मुलाजवळ थांबावं, आळीपाळीने. हा नियम आता आमच्या घरात पक्का झालाय. आणि मुलाच्या हातात रूमचं स्वतःचं कार्ड, आणि चेक-इन करताना रिसेप्शनवर त्याचं नाव लिहून घ्यायचं.

कुणी म्हणेल मग मुलांना अशा जागेच्या जवळपास नेऊच नका. मी तसं म्हणत नाहीये. आपल्या गुजरातेत श्रावणात सातम-आठमला घराघरात तीन पत्ती चालते, आमच्या सासरी पण चालते, मुलगा लहानपणापासून बाजूला बसून बघत आलाय, पैसे मांडलेले असतात, दरवर्षी त्या दिवसांत पोलिसांनी धरलेल्यांच्या बातम्या तुम्हीच छापता. आणि त्या रात्री रूमवर बसून तो काय बघत होता तर फोनवर त्याच सगळ्या खेळांच्या रील्स. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंद केले ते फार चांगलं झालं, पण फोनच्या दारावर आधार कार्ड बघणारा माणूस उभा नसतो. तेव्हा लपवण्यापेक्षा बोललेलं बरं. परत आल्यावर आमच्या ह्यांनी त्याला रूलेटचा, म्हणजे कॅसिनोतल्या फिरत्या चाकाच्या खेळाचा, हिशोब घालून दिला. चाकावर सदतीस घरं, प्रत्येक घरावर शंभर लाव, तर 3,700 गेले. एकच घर लागणार, त्याचे पस्तीस पट अधिक तुझे शंभर, म्हणजे 3,600 हातात. शंभर रुपये कुणाकडे गेले? पोराने दोन मिनिटात वहीत मांडलं, अकरावीत प्रोबॅबिलिटी असतेच, आणि मग म्हणाला पप्पा, मग काकांना हे माहीत नाही का. भाऊजींना मी ते अजून सांगितलेलं नाही, पण ते हा पेपर घेतात.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. जाहिरात घेताना ज्या हॉटेलात कॅसिनो आहे तिथे एकवीसच्या खाली प्रवेश नाही ही एक ओळ जाहिरातीतच, फॅमिली या शब्दाच्या शेजारी, त्याच आकारात छापायला लावा. पुरवणीत एकदा या विषयावर कुणाकडून तरी नीट लिहून घ्या. आणि आपल्या बडोद्यातल्या एजंट मंडळींनी बुकिंगच्या कागदावर मुलाचं वय लिहून, संध्याकाळी सातनंतर त्याला कुठे बसता येईल ते लेखी द्यावं. रावपुऱ्यात एकाने मला परवा ते हाताने लिहून दिलं, सही करून, तेव्हा होऊ शकतं, अवघड काहीच नाहीये.

आमचं मे महिन्याचं बुकिंग त्याच्याकडेच केलंय. रूम घेताना मुलाला विचारलं तुला काय काय हवं, पूल, गेम झोन, जे असेल ते सांग, तर म्हणाला कार्ड दोन घे.

आपली,
एक वाचक आई,
दांडिया बाजार, बडोदा