कोणती लस, कितवा डोस, किती बाटल्या : आदल्या दिवशी फळ्यावर लिहा

मा. संपादक,

करोनावरच्या कोव्हिशिल्ड लसीच्या दोन डोसांमधले अंतर जानेवारी २०२१मध्ये चार ते सहा आठवडे होते. मार्चअखेर सहा ते आठ आठवडे पाळा असे सांगितले गेले आणि १३ मेपासून ते १२ ते १६ आठवडे झाले. कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लसीचे मात्र तेव्हाही चार ते सहाच राहिले. मराठवाड्यातल्या वाड्या-तांड्यांवर एवढेच पोहोचले की, ‘दुसरा डोस आता तीन महिन्यांनी’. त्यामुळे कोव्हॅक्सिन घेतलेली माणसे तारीख उलटली तरी घरी बसून राहिली, तर हेही न पोहोचलेली कोव्हिशिल्डवाली म्हातारी मंडळी मेच्या उन्हात केंद्रापर्यंत येऊन परत गेली. लसीचे नाव प्रमाणपत्रावर आणि मोबाइलच्या संदेशात असते. पण तो मोबाइल बहुधा पुण्यात कामाला असलेल्या मुलाकडे. आशाताईंनी घरोघरी लसीचे नाव आणि पुढची तारीख कागदावर ठळक लिहून दिली तरी निम्मा गोंधळ मिटेल.

अंतर लसटंचाईच्याच दिवसांत वाढले, म्हणून संशय येणे साहजिक आहे. पण कोव्हिशिल्डला जास्त अंतर मानवते, हे ब्रिटनमधल्या अनुभवातून दिसले आहे.

खरी ओढाताण बाटलीपाशी होते. कोव्हिशिल्डच्या बाटलीत ५ मिलि, म्हणजे अर्ध्या मिलिचे दहा डोस असतात. एकदा सुई टोचली की चार तासांत ती संपवायची, उरले ते फेकायचे. सकाळी सहाच माणसे आली म्हणून बाटली फोडली आणि पुढे कोणी आले नाही, तर चार डोस वाया. न फोडावी, तर सहाजण ताटकळतात. दोन बाटल्यांतले उरलेले थेंब मिळवून एक डोस करणे तर कदापि चालत नाही. झाकणाचे सील काढताना बाटलीवर वेळ लिहिणे हा साधा नियम गर्दीत हमखास सुटतो.

उन्हाच्या धास्तीने दुसरी चूक होते. डीप फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक लगेच लसवाहकात, म्हणजे लस नेण्याच्या थंड पेटीत भरले जातात. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी आणि गोठलेली लस टाकूनच द्यावी लागते. म्हणून आइसपॅक बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबले पाहिजे. वीज गेली तर आयएलआरचे, म्हणजे लस साठवण्याच्या खास फ्रीजचे झाकण उघडू नये. बंद राहिले तर थंडावा बराच वेळ टिकतो.

करोना होऊन गेलेल्यांनी बरे झाल्यावर तीन महिने थांबायचे, असा मे २०२१मध्ये नियम होता. त्याच महिन्यात स्तनदा मातांनाही लस घेता येऊ लागली. हेही अनेकांना माहीत नव्हते.

आमची मागणी एकच. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने आणि ग्रामपंचायतीने आदल्या दिवशी संध्याकाळी फळ्यावर लिहावे : उद्या कोणती लस, पहिला की दुसरा डोस, किती डोस. मग आशाताई दहा-दहा जणांना वेळ देऊन एकत्र बोलावू शकतील. साठा आलाच नाही, तर तेही त्याच फळ्यावर लिहावे.

– लसीकरणाच्या कामातील काही आरोग्य कर्मचारी, जि. परभणी