मिलानहून आई-बाबांना

मिलान, २२ मार्च

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. थंडी ओसरली, जेवण वेळेवर होतं, रात्री एकटी फिरत नाही. परवा फोनवर बाबांनी विचारलं, "त्या किंचाळण्यात तुला काय सापडतं?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि उत्तर राहून गेलं. ते आता लिहिते.

बाबा, ते किंचाळणं नाही. घरमालकीणबाईंकडे ऑपेराच्या जुन्या तबकड्या आहेत. रविवारी दुपारी आम्ही दोघी त्या लावतो. मला सगळ्यांत आवडली ती गायिका चेलेस्तिना बोनिन्सेन्या. इथे माझ्या ऑफिसातही हे नाव कुणी ऐकलेलं नाही. जन्म १८७७चा, गाव रेज्जो एमिलिया. रीतसर तालीम मिळण्याआधीच पंधराव्या वर्षी रंगमंचावर उभी राहिली, पुढे न्यूयॉर्कला प्रसिद्ध गायक कारुसोबरोबर 'आइदा' हा ऑपेरा गायली. वारली इथेच, मिलानमध्ये, १९४७ साली. कारुसोचं नाव जगाला पाठ आहे, हिचं नाव तबकड्या जमवणाऱ्यांपुरतं उरलं.

तेव्हा ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता, तो १९२५मध्ये आला. कर्ण्यासमोर उभं राहून गायचं आणि सुईने ते थेट मेणावर कोरायचं. वरचा स्वर जोरात लावायचा तर मागे सरकायचं, हळू गायचं तर पुढे. बायकांच्या आवाजाचे बरेच बारकावे त्या कर्ण्यातून निसटायचे, म्हणून मोठमोठ्या गायिका तबकडीवर चिरक्या वाटतात. हिचा आवाज मात्र कर्ण्याला मानवला. 'इल त्रोवातोरे' या ऑपेरात प्रियकर बुरुजात कैद आहे आणि लिओनोरा रात्री खाली उभी राहून गाते. पहिल्यांदा मला नुसती खरखर ऐकू आली. पुन्हा लावली तेव्हा खरखरीच्या मागची बाई ऐकू आली. ती खाली, छातीतल्या स्वरांवर उतरते तेव्हा आवाज इतका भरीव लागतो की शंभर वर्षं मध्ये गेली आहेत हे खरंच वाटत नाही.

वेगाचंही सांगते. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी म्हणतात, पण त्या काळी प्रत्येकीचा वेग निराळा. तो चुकला की पट्टी बदलते आणि भरदार बाई पोरसवदा वाटू लागते. घरमालकीणबाई पियानोवर सूर धरून वेग जुळवतात. जुळेपर्यंत मला बोलू देत नाहीत, अगदी तुम्ही तानपुरा लावताना देत नाही तसं.

ज्या ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्गने एप्रिल १९०२मध्ये इथल्या हॉटेलात कारुसोचं गाणं मुद्रित केलं, तोच त्या वर्षाअखेर कलकत्त्यात गायिका गौहरजानसमोर कर्णा लावून बसला होता. अल्लादियाखाँसाहेबांची तबकडी नाही म्हणून तुम्ही अजून हळहळता. मग जिची आहे तिला मी ऐकू नको का? देवल क्लबात तुमच्या शेजारी बसून ऐकलेलं गाणं मी काही विसरले नाही. ऐकायला तिथेच शिकले.

आई, तू विणलेली जांभळी शाल मी ऑफिसात रोज घेते, फक्त ऑपेरा ऐकायला स्काला थिएटरात जाते तेव्हा नेत नाही. नाटकवाल्यांत इथे जांभळा रंग अशुभ मानतात. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपासाचे, चर्चचा त्या दिवसांतला रंग जांभळा. पूर्वी तेवढे दिवस नाटकं बंद राहत आणि नटांची उपासमार होई. म्हणून आजही गाणारे, नाचणारे, पडदा ओढणारेसुद्धा तो रंग टाळतात. प्रेक्षकाला कुणी अडवत नाही, पण घरमालकीणबाईंना अगदी कसंसंच होतं. तेव्हा शाल आवडली नाही असं मनात आणू नकोस. आणि तिकीट वरच्या, स्वस्तातल्या सज्ज्याचं असतं. पैसे उडवत नाही.

पैशांवरून आठवलं. काल ऐंशी हजार पाठवलेत. पावसाआधी कौलं शाकारून घ्या, उरलेल्यात बाबांच्या मोतीबिंदूचं उरका. ते दिवाळीपर्यंत ढकलू नका, दिवाळीत मला रजा नाही. ऑपरेशनच्या दिवशीही दवाखान्यात दादाच असणार, सगळं त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडतं हे मला कळतं. वहिनीला सांगा, डिसेंबरात आले की महिनाभर स्वयंपाकघर माझं.

सांगलीच्या स्थळाला नाही कळवू नका, हो तर मुळीच म्हणू नका. पत्रिका देण्याआधी एवढं स्पष्ट सांगा की मुलगी नोकरी सोडणार नाही. मुलाला फोन करायचा असेल तर इथल्या रविवारी सकाळी करू दे, दुपारी नको. पैसे जमा झाले की दादाला मेसेज करायला सांगा.

तुमची लेक