चाव्या टोपीत ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या देशात आडनावाआधी 'हेर' लावून हाक मारण्याची रीत आहे आणि त्या संध्याकाळी मीही ती पाळली. परंतु सांगलीत वाढलेल्या मुलीला वडीलधाऱ्या, आपुलकीने वागणाऱ्या माणसासाठी 'काका' याखेरीज दुसरा शब्द सुचत नाही. हे पत्र मी मराठीत लिहीत आहे, कारण मला जे सांगायचे आहे ते माझ्या जर्मनमध्ये अजून मावत नाही. एका मैत्रिणीकडून त्याचा अनुवाद करून घेऊन मी ते तुमच्या हाती देईनच. पण जर्मनीतल्या एसेन शहरातल्या एका सभागृहाची देखभाल करणाऱ्या माणसाने माझ्यासाठी काय केले, हे आपल्या मराठी माणसांनीही वाचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी गायकांच्या साथीसाठी तबला घेऊन मी तुमच्या दारात उभी राहिले, तेव्हा माझ्या पाठीमागे कसा आठवडा होता याची तुम्हांला कल्पना नव्हती. सोमवारी आखेनच्या विद्यापीठात प्रयोगशाळेचा अहवाल द्यायचा होता आणि त्यासाठी रविवारची रात्र जागून काढली होती. मंगळवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी पहाटे साडेपाचला पावाच्या दुकानात कामावर हजर व्हायचे होते. आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना येथे वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आणि घरभाडे व आरोग्यविमा भागवायचा तर त्यातला एकही दिवस सहज सोडता येत नाही. बुधवारी तास संपताच कोलोनला जाऊन गायकांबरोबर तालीम केली आणि मध्यरात्रीनंतर परतले. शुक्रवारी दुपारी तोंडी परीक्षा झाली. तव्यासारखे तापलेले ट्रे उचलून आणि दिवसातून वीस वेळा गरम पाण्याने हात धुऊन माझ्या उजव्या तर्जनीच्या पेराला चीर पडली होती. तबलावादकाचे सारे काम याच बोटाने चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, वाजवायच्या 'ना' या बोलावर उभे असते.

शनिवारी रुळांच्या दुरुस्तीमुळे ड्यूरेन ते कोलोन बसने जावे लागले. विद्यार्थ्यांच्या तिकिटावर जर्मनीभर प्रादेशिक गाड्या चालतात, वेगवान आयसीई चालत नाही, म्हणून एरवी दोन तासांत होणारा प्रवास साडेतीन तासांचा झाला. बसमध्ये जागा नव्हती. डग्गा मांडीवर आणि तबल्याची पिशवी पायांत घेऊन मी पायरीवर बसले होते. हा सारा वेळ तबला थंड, ओलसर हवेत होता आणि तेथून तो थेट तुमच्या तापवलेल्या सभागृहात आला.

हे जरा उलगडून सांगते, कारण तुम्ही काय केलेत ते त्याशिवाय कळणार नाही. तबल्याच्या तोंडावरची पुडी कातड्याची असते. दमट हवेत ती सैल होऊन स्वर उतरतो, आणि हीटरच्या कोरड्या उष्णतेत ती ताणली जाऊन स्वर चढतो. उष्णता फार झाली तर पुडीवरच्या काळ्या शाईला तडेही जातात. गायकांचा षड्ज, म्हणजे आधाराचा 'सा', काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) होता. पुडीच्या कडेच्या गोफावर, म्हणजे गजऱ्यावर, हातोडीने ठोकत त्याची सोळा घरे एका स्वरात आणायची आणि पहिल्या घराकडे परतावे तर ते पुन्हा चढलेले असायचे, असे त्या दिवशी चालले होते. अशा वेळी वादकाला दोनच गोष्टी हव्या असतात, हवा स्थिर असावी आणि भोवती शांतता असावी. त्या आठवड्यात मला शांततेची पंधरा मिनिटेही कोठे मिळाली नव्हती.

तुम्ही खुर्च्या मांडत होता. मी तिसऱ्यांदा तळहात पुडीवर ठेवून तिची ऊब पाहिली, आणि ते तुमच्या नजरेतून सुटले नाही. काही न विचारता तुम्ही मंचाजवळचा हीटर बंद केलात, एक टॉवेल ओला करून दूरच्या हीटरवर पसरलात आणि खुर्च्या मांडण्याचे काम अर्धवट सोडून मागच्या रांगेत जाऊन बसलात. तुमच्या कमरेला चाव्यांचा मोठा जुडगा होता आणि तुम्ही हललात की तो किणकिणत होता. तुम्ही तो सोडवलात, डोक्यावरची लोकरीची टोपी काढलीत, एकेक चावी हळूच आत सरकवून जुडगा त्या टोपीत गुंडाळलात आणि टोपी मांडीवर घेऊन बसून राहिलात. जवळजवळ अर्धा तास तुम्ही खोकला आला तरी दाबून धरलात. घरे लागत गेली, आणि शेवटी चाटेवरचा 'ना' त्या रिकाम्या सभागृहात भरून राहिला तेव्हा तुम्ही फक्त मान हलवलीत.

त्या रात्री तुम्ही माझ्यासाठी आणखीही पुष्कळ केलेत. शेवटची गाडी मिळावी म्हणून मला स्टेशनवर सोडलेत, आणि बोटाला पट्टीही तुमच्याच पेटीतली होती. त्या सगळ्याबद्दल मी ऋणी आहे. परंतु डोळे मिटले की मला ती टोपीच दिसते.

कार्यक्रमानंतर मी विचारले की तुम्ही काही वाजवता का, तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही कोळशाच्या खाणीत होता. उमेदवारीच्या दिवसांत जुन्या माणसांनी तुम्हांला शिकवले होते की लाकडी टेकू मोडण्याआधी करकरतो, माणसाला सावध करतो, लोखंड मात्र गप्प राहून एकदम दगा देते. म्हणून खाली कोणी कान देऊन ऐकत असेल तर बाकीच्यांनी हात थांबवायचे. २०१८च्या डिसेंबरमध्ये जवळच्या बॉट्रोप शहरातली शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली, तुमच्या हातांचे ते काम संपले; ऐकणाऱ्या माणसासाठी थांबण्याची सवय मात्र तुमच्या अंगात तशीच राहिली आहे. हे तुम्ही सांगत होता तेव्हा मला मिरजेची तंतुवाद्ये बनवणाऱ्यांची सतारमेकर गल्ली आठवली. लहानपणी बाबांबरोबर तंबोरा दुरुस्तीला घेऊन गेले की कारागीर तारांखालची घोडी घासून जवारी काढायला, म्हणजे तारेचा आवाज खुलवायला बसे, आणि दुकानातली माणसे आपोआप बोलणे थांबवत. कोणी कोणाला गप्प बसा म्हणून सांगत नसे.

आता मनात राहिलेले बोलून टाकते, कारण ते लपवून आभार मानणे मला प्रामाणिकपणाचे वाटणार नाही. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका शहरात आपल्याच लोकांच्या गणेशोत्सवात मी साथीला गेले होते. तेथे मी तबला लावत असताना बाजूला ध्वनिक्षेपकावर गाणी लावून पाहिली जात होती. दोन मिनिटे थांबाल का, असे विचारल्यावर एका पदाधिकाऱ्यांनी सर्वांसमोर सांगितले की माइक लावला की सगळे चांगलेच ऐकू येते, विद्यार्थ्यांनी एवढे नखरे करू नयेत. राहण्याची सोय करण्याचा शब्द दिलेल्या गृहस्थांनी रात्री फोन उचलला नाही, आणि मी पहाटेपर्यंत स्टेशनवरच्या बाकावर बसून रात्र काढली. त्याच संध्याकाळी मंचावरून भारतीय संगीताच्या थोर परंपरेवर भाषण झाले होते. या लोकांना माझी भाषा कळत होती, तबला काय असतो हे ठाऊक होते, आणि षड्ज म्हणजे काय हे तर त्यांना तुमच्यापेक्षा निश्चितच अधिक माहीत होते. तबला लावणे हेही काम असते, एवढे मात्र त्यांच्या लक्षात आले नाही. तुम्हांला यातले काहीही ठाऊक नव्हते, तरी समोरची मुलगी काहीतरी काळजीपूर्वक करते आहे आणि त्यात आपला अडथळा नको, एवढे तुम्ही ओळखलेत. माणुसकीचा मोठा भाग असा दुसऱ्याचे काम ओळखण्यातच असावा, असे मला आता वाटू लागले आहे. आणि परक्या देशात, एका दिवसात तीन ठिकाणी पोहोचण्यासाठी धावणाऱ्या विद्यार्थ्याला तो किती दुर्मीळपणे भेटतो, हे तो धावणाराच जाणे.

निरोप घेताना तुम्ही खाणीतल्या माणसांप्रमाणे 'ग्ल्युक आउफ' म्हणालात, आणि मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी वाकून नमस्कार केला. तुम्ही गोंधळून मागे सरकलात. आमच्याकडे ज्यांचे ऋण वाटते त्यांना असा नमस्कार करतात, एवढेच तेव्हा सांगायचे राहून गेले होते.

आणखी एक गोष्ट राहिली आहे. गायकांचा तंबोरा गवसणीत जात असताना तुम्ही तारेखालच्या दोऱ्याकडे बोट दाखवून तो कशासाठी असतो असे विचारले होते, आणि गाडीची वेळ झाल्यामुळे मी धड सांगू शकले नाही. तो दोरा केसभर पुढेमागे सरकवला की तार घोडीवर नेमकी जेथे टेकायला हवी तेथे टेकते आणि बंद असलेला आवाज एकदम खुलतो. त्या खुललेल्या आवाजाला आम्ही जवारी म्हणतो. मार्चमध्ये आम्ही पुन्हा तुमच्याच सभागृहात येत आहोत. मी तासभर आधी पोहोचेन आणि तंबोरा तुमच्यासमोर ठेवीन. तार मी छेडते, दोरा तुम्ही सरकवून पाहा.

आपली कृतज्ञ,
त्या संध्याकाळची तबलावादक